मुळाला आलेली अँबॅसिडर

मी बारावीला फिजिक्स शिकवते. वर्गात कोणी भुताखेताचा विषय काढला की त्याला प्रॅक्टिकलला दोन रीडिंग जास्त घ्यायला लावते... एवढं सांगितलं की माझा स्वभाव तुम्हाला कळला असेल. या ग्रुपवर मी आहे ती निव्वळ करमणुकीसाठी. 'रात्री बारा वाजता पिंपळाखाली बाई उभी होती' असं कोणी लिहिलं की मी मनात म्हणते, अहो, बारा वाजता तुम्ही पिंपळाखाली काय करत होतात ते आधी सांगा! आणि आज मीच लिहायला बसले आहे. हसा आता. मीही इतरांना कमी हसले नाहीये.

आधीच सांगून ठेवते — माझ्या अनुभवात अमावास्या नाही, किंकाळी नाही, कोणी आजारी पडलं नाही. जे झालं ते भर उन्हात, चार माणसांसमोर झालं आणि त्यानंतर आम्ही पोट दुखेपर्यंत हसलो. ज्यांना घाबरायचंय त्यांनी दुसरी पोस्ट उघडावी.

आम्ही विचुंब्याला राहतो. पनवेलकरांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी — न्यू पनवेलला लागून असलेलं गाव, आता निम्मं गाव आणि निम्मे टॉवर. माझा नवरा दिनेश इथलाच, आगरी. माझं माहेर जुन्या पनवेलातलं. कॉलेजात जमलं, लग्न केलं, आणि सासूबाईंनी मला पहिल्याच आठवड्यात खाडीचे खेकडे साफ करायला बसवलं. तेव्हापासून आमचं दोघींचं मेतकूट आहे. दिनेश न्हावा शेव्याला एका कंटेनर यार्डात सुपरवायझर आहे. दिवसभर ट्रेलर बघून ज्या माणसाचं पोट भरत नाही, त्याला काय म्हणणार? त्याला जुन्या गाड्यांचं वेड आहे.

गेल्या दिवाळीनंतर नेऱ्याच्या पुढे एका फार्महाऊसच्या शेडमध्ये त्याला एक अँबॅसिडर दिसली. फार्महाऊस मुंबईच्या एका गृहस्थांचं. गाडी त्यांचीही नव्हती, जागा घेतली तेव्हा शेडसकट मिळाली होती म्हणे. ताडपत्रीखाली, चाकं मातीत रुतलेली, पुढच्या सीटवर कोंबडीने अंडी घातलेली. दिनेश मला दाखवायला घेऊन गेला तेव्हा त्याचे डोळे बघण्यासारखे होते. आमच्या लग्नात मला हार घालतानाही इतका विरघळला नव्हता हा माणूस.

"तन्वी हिच्यातूनच जाणार सासरी," तो म्हणाला.

तन्वी आमची एकुलती एक लेक. तिचं लग्न वैशाखात ठरलं होतं. मी म्हटलं, "ही गाडी तन्वीच्या पहिल्या मंगळागौरीपर्यंत तरी सुरू होईल का ते बघ." पण घेतली. आमच्या घरात व्हेटो माझा असतो, फक्त तो कधी चालत नाही.

गाडी गेली सलीमभाईंच्या गॅरेजमध्ये. सलीमभाई दिनेशचे शाळेपासूनचे दोस्त. इंजिन खोललं, पत्रा ठोकला, आणि एक दिवस त्यांचा मला फोन, "भाभी, जरा येऊन जावा. चीज ऐसी है की फोनवर सांगून तुम्ही मानणार नाही."

मी कॉलेजमधून तशीच गेले. सासूबाईही बरोबर आल्या, त्यांना कुठेही जायचं म्हटलं की चपला घालायचीही गरज नसते. मागच्या डाव्या दाराची काच खाली जात नव्हती म्हणून सलीमभाईंनी दाराचं आतलं आवरण काढलं होतं. आणि दाराच्या पोटात, खालच्या पत्र्यावर, बांगड्या होत्या. काचेच्या. बहुतेक हिरव्या, काही लाल. ओंजळभर सहज असतील, जास्तच. काच वर-खाली जाते त्या फटीतून त्या आत पडल्या असणार हे उघड होतं. पण एकही फुटलेली नव्हती. एकसुद्धा!

आता मी फिजिक्सवाली. दार आपटताना किती जोर बसतो हे मला माहीत आहे. आणि अँबॅसिडरचं दार हळू लागतच नाही, आपटावंच लागतं. वर्षानुवर्षं आपटलेल्या दारात काचेच्या बांगड्या शाबूत कशा? मी सलीमभाईंना म्हटलं, कोणीतरी हल्ली टाकल्या असतील. त्यांनी मला त्यावरची धूळ दाखवली. बोटभर जाड. मी गप्प बसले. गप्प बसायची मला सवय नाही, त्यामुळे ते सगळ्यांच्या लक्षात आलं.

सासूबाईंनी एक बांगडी उचलली, पदराने पुसली, उन्हात धरली. म्हणाल्या, "कुनाकुनाच्या लेकींच्या हायेत या. फुटल्या नाय म्हंजे त्यांचा काम बाकी हाय. जशा होत्या तशा ठेव रे सलीम."

"आई, खुळखुळतील ना त्या दारात," दिनेश म्हणाला.

"खुलखुलू दे. तू लहानपनी कमी खुलखुललास?"

सलीमभाईंनी बांगड्या परत ठेवल्या. तेव्हापासून गाडी चालली की मागच्या दारातून छुन् छुन् आवाज यायचा. दिनेशला त्याचा फार वैताग यायचा. तन्वीला मात्र भारी आवडला, तिने लगेच त्याची रील केली.

इथवर काही अमानवीय नाही, मान्य. आता खरा घोळ सांगते, तो बांगड्या सापडायच्या आधीच सुरू झाला होता.

आमच्याकडे लग्नात लेकी-बहिणींना नुसती पत्रिका देऊन भागत नाही. त्यांना 'मूळ' जातं. म्हणजे माहेरचं माणूस तिच्या दारात जातं, 'चल' म्हणतं आणि तिला सोबत घेऊन येतं. मूळ आल्याशिवाय लेक उंबरा ओलांडत नाही. सासरी तिची मान त्या मुळावर ताठ असते — बघा, माझं माहेर मला न्यायला आलं! दिनेशची मोठी बहीण हिराताई उरण रस्त्याला, खाडीच्या अंगाच्या एका गावात दिलेली. आणि आमच्या घरची रीत अशी की नवरा-नवरीला पहिली हळद आत्या लावते. आत्याने बोट लावल्याशिवाय दुसऱ्या कोणी हळदीच्या ताटाला हात लावायचा नाही. सासूबाईंच्या नणंदेने दिनेशला लावली, तशी हिराताईंनी तन्वीला लावायची. तन्वी जन्मली तेव्हापासून हे ठरलेलं.

आणि दिनेशने काय करावं? तन्वीने लग्नाच्या आमंत्रणाचा व्हिडिओ बनवला होता. त्यात गणपती नाचतो, मग तन्वी नि जावईबापू नाचतात, मग पत्ता येतो. कार्यालय बुक झाल्याच्या आनंदात ह्या पठ्ठ्याने तो व्हिडिओ मोबाईलमधल्या सगळ्यांना एकदम पाठवून दिला. यार्डातल्या क्रेनवाल्याला, गॅसवाल्याला, आणि... सख्ख्या बहिणीला.

पाच मिनिटांत हिराताईंचा फोन. स्पीकरवर होता, मी ऐकलं.

"दिनेश, मना मोबाईलवर मूळ धाडलास? नाचत्या गनपतीसंगती?"

"ताई, अगं ते चुकून... मी येणारच होतो ना..."

"आबा असते त असा झाला असता? माजी जाऊ बगते न हसते. तुमी करा लगीन. मी पन माजा आशीर्वाद मोबाईलवर धाडते." आणि फोन बंद.

आबा म्हणजे माझे सासरे. त्यांना जाऊन काही वर्षं झाली.

चूक सुधारायला दिनेश दुसऱ्याच दिवशी गेला. पण कसा? ड्युटीवरून परस्पर, बाईकवर, अंगात यार्डाचं नारिंगी जॅकेट, एका हातात हेल्मेट, दुसऱ्या हातात पेढ्यांचा बॉक्स. हिराताईंनी चहा दिला, चौकशी केली, आणि शांतपणे म्हणाल्या, "हा मूळ नाय झाला दिनेश. हा कुरियर झाला."

मला सांगा, यावर काय बोलणार? मी ऐकलं तेव्हा मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. कारण हिराताई हट्टाला पेटल्या नव्हत्या, त्यांना खरंच लागलं होतं. मी जाते म्हटलं, तर सासूबाई म्हणाल्या, भावाने बोलवायचं ते वहिनीने बोलवून चालत नाही. मग तुम्ही चला म्हटलं, तर म्हणाल्या, "मी गेले त लोकं बोलतील, हिराने आयेला पायऱ्या चढाया लावल्या. तिचाच नाव खराब होईल." आणि दिनेश पुन्हा जायला तयार नव्हता, कारण दुसऱ्यांदा गेला तर ते मूळ नव्हे, मनधरणी. अशी सगळी गाठ बसली. घरात केळवणं चालू, पापड चालू, तन्वीची शॉपिंग चालू, आणि सासूबाई जेवताना दोन घास खाऊन ताट सरकवायच्या. एकदा मला म्हणाल्या, "सुजाता, तू शिकलेली हास. मना एवडाच सांग — माजी लेक माज्या नातीच्या हलदीला नसली, त मी त्या ताटाकडं बगू कशी?" तन्वीने तर जाहीर करून टाकलं की आत्या नसेल तर ती हळदच लावून घेणार नाही, तशीच बोहल्यावर चढेल.

हळदीला चार-पाच दिवस राहिले होते. सासूबाईंचं माहेर चिरनेरच्या बाजूचं. तिथल्या गावदेवीपुढे पत्रिका ठेवायची होती. दिनेश म्हणाला, अँबॅसिडरनेच जाऊ, गाडीची ट्रायलही होईल. सलीमभाईंनी गाडी सकाळी धुऊन-पुसून दिली. पांढरीशुभ्र, क्रोम चमकतंय. फक्त म्हणाले, "दिनेश, हॉर्न नाही हां. पुराना सडला होता, काढून फेकला. नवीन उद्या येईल. संभाल के."

हे नीट लक्षात ठेवा. गाडीला हॉर्न नव्हता. बिघडलेला नव्हे, वायर सुटलेली नव्हे — हॉर्न नावाची वस्तूच गाडीत नव्हती. बॉनेटखाली तिची जागा रिकामी होती, मी स्वतः पाहिली. सकाळी.

त्या दिवसाचा प्रवास मी आयुष्यात विसरणार नाही. हॉर्न नाही म्हणून पुढे बसलेली मी खिडकीतून डोकं काढून ओरडतेय, "ओ भाऊ, बाजूला!" मागे सासूबाई दारावर हाताने थाप मारतायत, आतल्या बांगड्या खुळखुळतायत, आणि आजूबाजूला कंटेनरचे ट्रेलर भोंगे वाजवत चाललेत. एका रिक्षावाल्याने विचारलं, "मॅडम, वरात कोणाची?" मी म्हटलं, "माझी!" कॉलेजातल्या कोणी पाहिलं नाही हे माझं नशीब.

आम्हाला गव्हाण फाट्यावरून दिघोड्याचा रस्ता धरायचा होता. दिनेशने मुद्दाम तो धरला होता, कारण दुसरा रस्ता हिराताईंच्या गावावरून जातो. पण फाट्याजवळ एक ट्रेलर आडवा झालेला. पोलिसाने हात करून आमची गाडी नेमकी उरणच्या अंगाला वळवली. दिनेश म्हणाला, पुढून वळून येऊ. पुढे वळायला जागा नाही. मग पुन्हा एका पोलिसाने छोट्या गाड्या आतल्या रस्त्याने, नेमक्या हिराताईंच्या गावातून सोडल्या. आता इथवर मी सगळं 'योगायोग' या खात्यात टाकायला तयार आहे. उरण रस्त्यावर ट्रेलर आडवा होणं हे तर रोजचंच.

गावात शिरल्यावर मी म्हटलं, "आलोच आहोत तर..." तो म्हणाला, "नको. आईला घेऊन दारात जायचं आणि ताईने तोंड फिरवलं तर?" खरं होतं ते. तो खालच्या आळीने निघाला, हिराताईंचं घर टाळून. आणि गाडी खोकली. एक आचका, दुसरा आचका, आणि बंद. उताराच्या रस्त्यावर आपली आपण घरंगळत गेली, वळण घेतलं आणि थांबली. दिनेशने ब्रेक दाबला नव्हता, हे तो आजही शपथेवर सांगतो. समोर हिराताईंचं अंगण. तुळस, ओटा, ओट्यावर वाळत घातलेली सुकट.

आणि ओट्यावर हिराताई उभ्या. ठेवणीतलं हिरवं लुगडं, केसात अबोली, हातात बॅग!

आम्ही तिघं गाडीत दगड होऊन बसलो. त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "सकालपास्न हॉर्न वाजवता न आता येता? गावाला चक्कर मारीत होतात का काय?"

दिनेशने काच खाली केली. "काय वाजवतो?"

"हॉर्न! सकाली मी भाकऱ्या थापत होते तवा पयला वाजवलास. मी पिठाच्या हातानी भायेर आले, कोन नाय. मग परत. मग परत! म्हटला, ये आता तरी. सासूस सांगितला, माजा मूळ आला. कापडं बदलली, बॅग भरली, न तुमचा आपला पों-पों चालूच!"

मला वाटलं हिराताईंना भास झाला असेल. उन्हाळा, रुसवा, मनाची इच्छा — मी मनातल्या मनात धडा तयारही केला. तेवढ्यात शेजारच्या जनाकाकी कुंपणावरून ओरडल्या, "आला का गो तुजा भाव? आमचा बारीक पोर झोपला होता, हॉर्न वाजवून उठवला मेल्याने!" आणि हिराताईंच्या त्याच जाऊबाई, ज्या हसल्या होत्या ना, त्याही आतून येऊन म्हणाल्या, "गाडी मस्त हाय, पन हॉर्न लय मोठा हाय हां." म्हणजे सगळ्या आळीने ऐकला होता. माझा धडा तिथेच बारगळला.

दिनेश गाडीतून उतरला. त्याने काही न बोलता बॉनेट उघडलं, बहिणीला हाताला धरून आणलं आणि रिकामी जागा दाखवली. "ताई, हॉर्नच नाहीये गाडीला. हे बघ. मॅडम पनवेलपासून तोंडाने वाजवत आल्यात." मग स्टिअरिंगवरचं बटण दाबून दाखवलं. टक् असा आवाज, बस्स.

हिराताईंनी आत वाकून पाहिलं. मग म्हणाल्या, "नाय त मग वाजवत कोन होता? तुजा बाप?"

बोलून तर गेल्या. मग त्यांचं त्यांनाच कळलं. दिनेशचा बाप तोच त्यांचाही बाप.

मग दिनेशने हळूच विचारलं, "कसा वाजत होता?"

हिराताईंनी तोंडाने वाजवून दाखवला. "पों-पों... पोंऽऽऽ. पों-पों... पोंऽऽऽ."

दिनेश गाडीच्या मडगार्डवर बसलाच. तो का बसला हे मला नंतर कळलं, तुम्हाला आत्ताच सांगते. आबा जुन्या वळणाचे. लेकीच्या सासरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, असा त्यांचा नेम. गणपतीला, दिवाळीला, गावदेवीच्या जत्रेला हिराताईंना न्यायला जायचे ते भाड्याची गाडी करून, पण आत पाऊल टाकायचे नाहीत. आत गेलं की चहा आला, आणि चहा नाकारला की व्याही रागावला. म्हणून ते ड्रायव्हरला वळणावरच हॉर्न मारायला सांगायचे. दोन लहान, एक लांब. हिराताई बॅग घेऊन धावत बाहेर. लहानपणी दिनेश बरोबर असायचा, तो गाडीत बसून मोजायचा की ताई कितव्या हॉर्नला येते.

मला माहीत आहे तुम्ही काय म्हणाल. रस्त्यावरचा ट्रेलर असेल. मीही तेच म्हटलं. पण ट्रेलर त्या आळीत शिरू शकत नाही, आणि ट्रेलरवाला कोणाच्या दारात दोन लहान, एक लांब असं सकाळपासून कशाला वाजवेल?

तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि सासूबाई खाली उतरल्या. इतका वेळ त्या आत बसून सगळं ऐकत होत्या. मला वाटलं आता रडारड होणार. त्यांनी पदर खोचला, वळणाकडे तोंड केलं आणि मोठ्याने म्हणाल्या, "आयकला हां आमी! आली बग लेक बाहेर. जा आता, पानी नको पिऊस त नको पिऊस!"

आणि हसायला लागल्या. त्या हसल्या तशा हिराताई हसल्या, हिराताई हसल्या तशा जनाकाकी, मग जाऊबाई. दिनेश मडगार्डवर बसून हसतोय आणि बाहीने डोळे पुसतोय. मी फिजिक्सची बाई, मी कोरडी कशी राहणार? माझाही चष्मा काढावा लागला. भर रस्त्यात, उन्हात, एका बंद पडलेल्या गाडीभोवती आम्ही सगळे वेड्यासारखे हसत होतो. मग हिराताईंनी आईच्या गळ्यात हात टाकले, आणि तिथे मात्र दोघी रडल्या. छान रडल्या.

मग दिनेशने सगळ्या आळीसमोर, जाऊबाईंसमोर, हात जोडून रीतसर म्हटलं, "ताई, तन्वीच्या हळदीला तुला न्यायला आलोय. चल." हिराताईंनी जावेकडे एकदा बघितलं. ती नजर मी सोन्याच्या फ्रेममध्ये लावून ठेवीन. जाऊबाईंनीच त्यांची बॅग उचलून डिकीत ठेवली.

हिराताई मागे सासूबाईंच्या शेजारी बसल्या, डावीकडे. दार आपटलं. दिनेशने किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्याला सुरू झाली. नंतर सलीमभाईंनी सगळं तपासलं — पेट्रोल, करंट, कार्बोरेटर. "कुछ नहीं है," म्हणाले. "गाडी को थांबायचं होतं, थांबली."

गाडी हलली, दारात छुन् छुन् झालं, आणि हिराताईंनी एकदम दारावर हात ठेवला. "या दारात बांगड्या हायेत काय गो?"

मी मागे वळून बघितलं. आम्ही त्यांना सांगितलं नव्हतं. बांगड्या सापडल्या त्याच्या आधीपासून बोलणंच बंद होतं ना. तन्वीची रील? हिराताईंनी रागाने तन्वीलाही मोबाईलवर ब्लॉक करून ठेवलं होतं, त्याची नंतर दोघींनी मोबाईल उघडून खात्री केली.

त्या म्हणाल्या, "माजे लग्नाला नेऱ्याकडची गाडी होती. पांडरी. मी रडून रडून बेजार. त्या डायवरनी मना सांगितला, बाय, चुड्यातली एक बांगडी काचेच्या फटीत सोड. गाडीला सांगून ठेव, मना माहेरी न्यायला ये. सगल्या पोरी सोडतात, बोलला. मी सोडली."

"हीच गाडी का गं?" दिनेश म्हणाला. "मी तेव्हा वऱ्हाडाच्या ट्रकमध्ये होतो. आई, तू तर ओळखायला हवी होतीस!"

"मना गाडी कुटं दिसली?" सासूबाई म्हणाल्या. "मना लेक दिसत होती."

गाडी तीच होती की नाही हे आम्हाला आजही ठामपणे माहीत नाही. पांढऱ्या अँबॅसिडरी तेव्हा काय कमी होत्या? कागदपत्रांवर मधल्या दोन मालकांची नावं आहेत, त्यांच्या आधीचं काही मिळत नाही. बांगड्या सगळ्या सारख्या. हिराताईंना मी म्हटलं, तुमची ओळखा. त्या म्हणाल्या, कशाला? ज्यांच्या राहिल्यात त्यांना लागतील.

हळदीची गोष्ट लांबवत नाही. आगरी हळद ज्यांनी पाहिलीय त्यांना कळेल, न पाहिलेल्यांना सांगून उपयोग नाही. बँजो होता, मटण होतं, माझ्या प्रिन्सिपॉल मॅडम नाचल्या. पहिलं बोट हिराताईंचं लागलं. तन्वीच्या गालाला हळद लावताना त्यांनी तिच्या कानात काहीतरी सांगितलं. तन्वी मला अजून सांगत नाही काय ते. सासूबाईंनी त्या दिवशी दोनदा जेवण केलं, मी मोजून वाढलं.

आता तुमच्या प्रश्नाकडे. स्पष्टीकरण काय? मी खूप डोकं चालवलं. आवाज वाऱ्याबरोबर किती लांब जातो, खाडीवरून कसा परततो, सगळं. हॉर्नच्या रिकाम्या जागेतून दोन लहान, एक लांब कसं निघेल, तेही गाडी पनवेलात गॅरेजमध्ये धुतली जात असताना, याचं गणित माझ्याकडून सुटत नाही. कोणाला सुटलं तर सांगा, वर्गात शिकवीन. सध्या मी पोरांना जास्तीची रीडिंग घ्यायला लावत नाही, एवढाच बदल.

हिराताईंना मात्र परवा मी सरळ विचारलं. त्या सुट्टीला आल्या होत्या, आम्ही दोघी ओसरीवर कोलंबी सोलत होतो. म्हटलं, "ताई, खरं सांगा, तुम्ही इतक्या रागावलेल्या. कोण वाजवतंय ते दिसत नाही, कोणाची गाडी ते माहीत नाही. मग पहिल्या हॉर्नलाच धावत बाहेर कशा आलात?"

त्यांनी हातातली कोलंबी सोलून टोपात टाकली. म्हणाल्या, "अगो, त्या व्हिडिओच्या दिवसापास्न मी दुपारची झोपलेच नाय. मना भेव, गाडी यायची न मना आयकू नाय यायची. मी रुसले होते सुजाता. माजे कान नव्हते रुसले."